मोरागबाईंच्या खिडकीतला डोंगर

रविवारी दुपारी मी मेथी निवडत बसले होते. फोन वाजला, नंबर अनोळखी होता. इन्शुरन्सवाला असेल म्हणून मी तुटकपणेच हॅलो म्हटलं. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "टाय? तुम्ही टाय का?" राँग नंबर म्हणून मी ठेवणारच होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दिलीपची टाय?" माझ्या धाकट्या भावाने त्यांच्या स्वयंपाकघरात फोनशेजारी माझा नंबर लिहून ठेवला होता, वर इंग्रजी अक्षरांत ‘ताई’. त्यांना ते माझं नाव वाटलं होतं. "मी मोराग. तो मघाशी डोंगरावरून खाली आला, दमलोय म्हणाला, अंगणातल्या बाकावर बसला. मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तर..." पुढचं मला नीट आठवत नाही. अँब्युलन्स आली आणि रिकामी परत गेली, एवढं त्यांनी सांगितलं. त्याच्या बायकोला, मंजिरीला, मलाच कळवावं लागलं. ती चार गल्ल्या पलीकडे राहते. मी चालत गेले, आणि हातात मेथीची जुडी तशीच होती हे तिने दार उघडल्यावर माझ्या लक्षात आलं.

भावाला जाऊन आता सात आठवडे झाले. दिलीप माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय, त्यामुळे त्याच्यावर ओरडण्याचा हक्क मी शेवटपर्यंत सोडला नाही. लग्न होऊन मी नॉटिंगहॅमला आले, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तो मातीच्या अभ्यासासाठी इथे आला आणि राहिला. दगडाच्या खाणी, रस्त्यांची कामं, असं करत करत स्कॉटलंडच्या उत्तरेला एका सोन्याच्या खाणीत लागला. खाणीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांचे वकील फार तत्पर आहेत. आमच्या मंडळात ही बातमी कळली तेव्हा जो तो त्याला विचारी, "काय मग, खिसे तपासतात का रे सुटताना?" तो हसायचा. आणि मग सांगायला लागायचा, की सोन्याशी माझा संबंधच नाही, माझं काम गवताचं.

ते खरंच होतं. सोनं म्हणजे टनभर दगडात चिमूटभर. तो दगड दळायचा, सोनं काढून घ्यायचं, आणि उरलेली करडी भुकटी दाबून, सुकवून, डोंगराच्या उतारावर तिचे ढीग रचायचे. ही भुकटी उघडी राहिली तर वाऱ्याने उडते, पावसाने ओढ्यात जाते. म्हणून खणायच्या आधी डोंगराची वरची हिरवळ काळ्या मातीसकट लाद्या कापाव्यात तशी कापून बाजूला ठेवायची आणि काम झालं की ढिगांवर परत अंथरायची. या लाद्या जिवंत ठेवणं हे दिलीपचं काम. गवत वर, माती खाली, एकच थर, कडा एकमेकींना चिकटलेल्या, आणि कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत पाणी. एकीवर एक रचल्या की खालची मेलीच. "ताई, इट्स लाइक पोळ्या," तो मला सांगायचा, "गरम पोळ्या एकावर एक ठेवल्यास की खालच्यांचं काय होतं?" मी म्हणायचे, "तुला कुणी सांगितलं पोळ्यांबद्दल? आयुष्यात एक लाटली नाहीस."

दुसरं काम गावाचं. कंपनीला गावाशी बोलणारा माणूस हवा होता, आणि हा बोलघेवडा. दर गुरुवारी तो गावच्या हॉलमध्ये चहाची किटली घेऊन बसायचा. ओढ्याच्या पाण्याचे त्या आठवड्याचे रिपोर्ट भिंतीवर लावायचा. कुणाला ट्रकचा त्रास, कुणाला सुरुंगाच्या आवाजाने म्हशीएवढ्या त्या गायी बिथरतात याचा, सगळं ऐकून घ्यायचा. मी करून दिलेला चिवडा त्या हॉलमध्ये संपायचा. मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू? माझ्या भावामुळे एका परक्या गावाचा एका कंपनीवर विश्वास बसतोय, असं मी लोकांना सांगत होते. त्या कंपनीला नेमकं हेच हवं होतं आणि त्यासाठीच तिने त्याला पगार दिला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच्या तर नाहीच.

त्या गावात मोरागबाई एकट्या राहायच्या, डोंगराच्या पायथ्याशी, मेंढ्या पाळून. ढीग रचायचे होते त्या उतारावर मेंढ्या चारायचा हक्क त्यांच्या घराण्याचा. त्यांच्या सहीशिवाय कंपनीला तिथे भुकटीची एक पाटीसुद्धा टाकता येत नव्हती, आणि बाई सही करेनात. दिलीप वर्षभर त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "या खिडकीतून मी जन्मापासून हा डोंगर बघतेय. तो मला परत असाच दिसेल, असं मला लिहून द्या." कंपनीने पत्र तयार केलं. खाली सही दिलीपची.

इथून पुढचं लिहिणं जिवावर येतंय, पण त्यासाठीच लिहायला बसलेय.

दिलीपने ते पत्र मला फोनवर वाचून दाखवलं. "ताई, लेटर ड्राफ्ट झालंय. तू एकदा चेक कर ना, यू आर द एक्सपर्ट." एक्सपर्ट म्हणजे काय, तर मी इथल्या हॉस्पिटलात तक्रारींना उत्तरं लिहिण्याच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली. कुणाचा बाप गेला, कुणाचं ऑपरेशन चुकलं, त्यांना सहानुभूतीची पत्रं लिहायची, आणि अशा बेताने लिहायची की हॉस्पिटल कशालाच बांधलं जाऊ नये. त्याच्या पत्रात होतं, की काम संपल्यावर उतार पूर्वीसारखा हिरवा केला जाईल, व्यवहारतः शक्य असेल तिथवर. मी हसले. म्हटलं, "अरे, हे शेवटचे शब्द म्हणजे मागचं दार आहे. मी अशी शेकडो दारं बांधलीत. तू त्या बाईच्या घरी चहा पितोस ना? सही तुझी आहे ना? मग खोड ते."

त्याने खोडलं. निळ्या पेनाने, सरळ रेघ मारून, बाजूला आपली आद्याक्षरं घालून. मोरागबाईंच्याच नव्हे, तसंच पत्र मागणाऱ्या त्या वाडीतल्या अकराही घरांच्या पत्रांवर. कंपनीने ती पत्रं तशीच फाइलला लावली, कुणी चकार शब्द काढला नाही. सह्या मिळाल्या होत्या, त्यांचं काम झालं होतं. बाईंची सही झाली त्या दिवशी दिलीपने मला फोन केला. इतका खुशीत होता, की मी त्याला नेहमीसारखं चिडवलंसुद्धा नाही.

चार वर्षं बरी गेली. मग सोनं ठरवलं होतं तेवढं निघेना. वरची माणसं बदलली. नव्या मॅनेजरला लाद्या ठेवलेली जागा यंत्रांसाठी हवी होती, म्हणून दिलीप रजेवर असताना त्याने जेसीबीने त्या गोळा करून कोपऱ्यात एकीवर एक रचून टाकल्या. दिलीप परत आला तेव्हा आतून कुबट वास येत होता. फोनवर तो रडत होता, छप्पन्न वर्षांचा माणूस. मी म्हटलं, "गवतच आहे ना रे?" असं म्हणाले मी. पुढच्या वर्षी खाण बंद पडली, कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि डोंगरावर करडे ढीग जसेच्या तसे राहिले.

गावच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. कंपनीला कर्ज दिलेल्यांच्या वतीने एक तरुण बाई आल्या होत्या. लोकांनी आपापली पत्रं पुढे केली. त्या शांतपणे म्हणाल्या, की मूळ मजकुरातले शब्द खोडायचा अधिकार सदर कर्मचाऱ्याला नव्हता. ते त्याचं व्यक्तिगत आश्वासन समजावं. दिलीपची नोकरी तोवर गेली होती, तो मागच्या रांगेत बसला होता. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मोरागबाईंचा पुतण्या उभा राहिला आणि आवाज न चढवता म्हणाला, "तू चांगला माणूस आहेस, म्हणून तर त्यांनी तुला आमच्याकडे पाठवलं." हे दिलीपनेच मला सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाला. मी विषय बदलला. तुला ते खोडायला मी सांगितलं होतं, हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही, आणि त्यानेही ते कधी माझ्या तोंडावर फेकलं नाही.

नॉटिंगहॅमला परतून त्याने बागांच्या देखभालीची साधी नोकरी धरली, आणि महिन्यातून दोनदा गाडी घेऊन उत्तरेला जायला लागला. सात तास जाताना, सात तास येताना. कुजलेल्या ढिगातून जिवंत लाद्या शोधायच्या, ढकलगाडीतून वर न्यायच्या, हाताने अंथरायच्या, मेंढ्या-हरणं येऊ नयेत म्हणून कुंपण घालायचं. मंजिरी मला म्हणायची, "ताई, तुम्ही तरी त्यांना सांगा. आय कान्ट डू धिस एनीमोअर." मी सांगितलं. चांगलं खडसावून सांगितलं, की स्कॉटलंडात बारा महिने पाऊस पडतो आणि तू तिथे झारीने पाणी घालतोस, लोक वेड्यात काढतील. तो म्हणाला, "एप्रिल-मेमध्ये पडत नाही ताई. तेव्हाच नेमका वारा सुटतो." बस, एवढंच. माझ्या रागाला त्याने हवामानाचं उत्तर दिलं.

गेल्या आठवड्यात मी आणि मंजिरी त्याच्या वस्तू आणायला गेलो. मोरागबाई माझ्या कल्पनेपेक्षा ठेंगण्या निघाल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. खिडकीतून डोंगर दिसत होता, भला थोरला आणि राखेसारखा. खालच्या कडेला एक हिरवा-तपकिरी पट्टा होता. फार तर दोन बॅडमिंटन कोर्टांएवढा... माझ्या भावाची दोन वर्षं, त्याच्या सगळ्या सुट्ट्या, मंजिरीशी झालेली भांडणं, त्याचं हृदय, सगळं मिळून एवढंच. मंजिरी उठून बाहेर गेली.

मग मी बोलले. म्हटलं, "ते शब्द त्याने खोडले, ते माझ्या सांगण्यावरून. तुम्हाला हे माहीत असायला हवं."

"माहीत आहे," मोरागबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं त्याने. बहिणीने सांगितलं म्हणाला, तिला पत्रांतलं कळतं. ते शब्द राहिले असते तर मी सही केली नसती. वडिलांनी शिकवलं होतं मला, असे शब्द दिसले की कागद परत द्यायचा." त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. "मला त्याचा राग कधीच आला नाही. मी रागावले होते ती तुमच्यावर."

त्यांनी दूध पुढे सरकवलं आणि विचारलं, "वसंतात कोण येणार आहे?"

बावीस वर्षांत लिहिलेली सगळी वाक्यं जिभेवर रांगेत उभी राहिली. आम्ही जरूर विचार करू, प्रयत्न करू, कळवू. माझे गुडघे गेलेत, मंजिरीला तो डोंगर डोळ्यांसमोर नको आहे, आणि दिलीपच्या मुलीने कार्डिफहून फोनवर मला स्वच्छ सांगितलंय, "आत्या, मी त्या प्लेसला कधीच येणार नाही." मी मोरागबाईंना म्हटलं, "कुणी नाही." त्यांनी मान हलवली. त्यांनाही तसंच वाटत होतं, म्हणाल्या.

निघताना त्यांनी एक पिशवी दिली. जाकीट, चष्मा, थर्मास, घडी केलेला रुमाल. दाराशी त्याचे गमबूट होते, भिंतीला टेकवून ठेवलेले, तळव्याला करडी भुकटी आणि काळी माती थापलेली. मी वाकून ते उचलायला गेले. "ते राहू देत," मोरागबाई म्हणाल्या. रागाने नव्हे, घरातली वस्तू घराबाहेर चालली की म्हणतो तसं. मी माझ्या भावाचे बूट आहेत ते, असं म्हणू शकले असते. मंजिरी गाडीशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी हात मागे घेतला. बूट अजून तिथेच आहेत, उत्तरेतल्या त्या दारात, त्यांची टोकं डोंगराकडे करून. त्यावरची माती बाईंनी धुतलेली नव्हती, आणि मी धुऊन देऊ का, असं विचारायला माझं तोंड उरलं नव्हतं.