पाय रेसवर नव्हता

बाहेर बाई असल्याशिवाय खेड्यातला माणूस मोजे घालत नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या अलीकडचं आमचं गाव धानाचं. बारा महिने चिखलात वावरणारे पाय, पायात चप्पल असली तरी खूप. अन् आमचे हे एकदम कॅनव्हासचे बूट अन् मोजे घालून ट्रॅक्टरवर बसायला लागले. घरी आले तरी मोजे निघेनात. पाय धुवायचे तर सगळ्यांचं आटोपल्यावर, विहिरीवर एकटेच. विचारलं तर म्हणे इंजनाची गरमी लागते. मी काय कुकुलं बाळ होती हे पटवून घ्यायला?

सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागत होतं. ट्रॅक्टर घरी येऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. शेती भासरे बघायचे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, अन् ट्रॅक्टर-ट्रॉली हे चालवायचे. गिरणीवर धान न्यायचं, उन्हाळ्यात लोकांची वऱ्हाडं न्यायची. म्हणजे गावोगाव फिरणं आलंच. मी मनातल्या मनात एकेक गाव तपासून बघायची. शर्ट धुताना वास घ्यायची. यांनी खाट वेगळी टाकली होती, म्हणे गरमी होते. पुन्हा गरमी! धाकटी पोरगी मांडीवर चढायला गेली की तिला उतरवून द्यायचे. पूर्वी तिला खांद्यावरून खाली ठेवत नव्हते. माणसाचं मन घरातून उठलं की असंच होतं, असं मी धरून चालली. कोणाला बोलली नाही, पण नजर ठेवली.

त्यात त्या हातरेसची भर पडली. ट्रॅक्टरला स्टेअरिंगखाली एक दांडी असते. ती खाली ओढून ठेवली की इंजन तेवढ्याच रेसवर चालत राहतं, पायानं दाबावं लागत नाही. मळणीला, वावरात चिखल करताना ती कामाची. पण मागं भरली ट्रॉली असली तर रस्त्यावर हातरेस लावायची नाही, हे भासऱ्यांनी यांना शिकवतानाच बजावलं होतं. पाय उचलला की रेस आपोआप पडते. दांडी मात्र हातानं वर लोटल्याशिवाय पडत नाही. उतारावर मागून ट्रॉली ढकलते, पुढून इंजन ओढत राहतं, अन् मधल्या माणसाला सुचेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. हे यांना चांगलं माहीत होतं. तरी हे रस्त्यानं दांडी ओढून, पाय बाजूला टाकून चालले आहेत, असं मला दोघातिघांनी सांगितलं. मला वाटलं, पाय मोकळे हवेत म्हणजे नजरही मोकळी हवी असणार. कोणाच्या दाराकडं बघत जातात, ते आता आपण स्वतः बघायचं.

संधी आली ती यांच्या मावसभावाच्या लग्नात. वऱ्हाड आमच्याच ट्रॉलीतून निघालं. खाली धानाची तणस, म्हणजे पेंढा अंथरलेला, वर बाया, पोरं, म्हातारी माणसं. माझी दोन्ही पोरं अन् भासरे त्यातच. मी मात्र नव्या लुगड्यात सरळ ट्रॅक्टरच्या उजव्या मडगार्डवर जाऊन बसली. ट्रॉलीत हशा पिकला. एक दीर ओरडला, "वयनी, पळून नाई जाऊन राह्यला भाऊ!" मी म्हटलं, नेम काय माणसाचा.

रस्ताभर मी यांच्या डोळ्यांकडं बघत होती. डोळे बिचारे रस्त्यावरच. एकदाही इकडंतिकडं नाही. उलट मधूनमधून खाली, स्वतःच्या पायाकडं बघायचे. मला काही उमजेना. दांडी ओढलेली होतीच.

पुढं रस्ता तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर चढतो अन् पलीकडं एकदम उतरतो. आम्ही उताराला लागलो अन् समोर बैलगाडी. यांनी खाली बघितलं, पाय हलवला, पुन्हा समोर बघितलं अन् जोर दिला. ट्रॅक्टर थांबेना. इंजन तसंच गुरगुरत होतं, मागून ट्रॉलीचा रेटा. ट्रॉली एका अंगानं सरकायला लागली, बाया किंचाळल्या. मी मडगार्डवरून घसरून खाली उभी राहिली, अन् हाताला ती दांडी लागली ती वर लोटून दिली. रेस पडली. ट्रॅक्टर मुरमाच्या ढिगावर चढून बंद पडला. ट्रॉलीचं एक चाक पाळीच्या अगदी काठाला आलं होतं. खाली पाणी. ट्रॉलीतल्या माझ्या पोरांचे आवाज ऐकू येईपर्यंत माझा जीव माझ्याजवळ नव्हता.

हे अजून जोर देतच होते. दातओठ खाऊन म्हणत होते, "ब्रेक लागून नाई राह्यला." मी खाली बघितलं. यांचा पाय ब्रेकवर नव्हताच, शेजारी पत्र्यावर होता. अन् त्या पायावर माझा पाय होता, अंगाचा सगळा भार टाकून, जोडव्यांसकट. यांनी माझ्या नजरेमागं नजर नेली, तेव्हा यांना ते कळलं.

"दुखत नाई तुमाले?" मी विचारलं.

मी पाय काढून घेतला. मग हे हळूच म्हणाले की इथं नको, घरी सांगतो. पुढं ट्रॅक्टर भासऱ्यांनी नेला. मी लग्नात जेवली की नाही, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना यांनी मोजा काढला. टाचेला जखम, काळी पडलेली. पोटरीवर फिकट चट्टा. यांनी बाभळीचा काटा घेतला अन् माझ्यासमोर पायात टोचला. चेहऱ्यावर काही नाही. मला वेगळं सांगायची गरज नव्हती. आमच्या भागात हा रोग कोणाला ठाऊक नाही? महारोग हे नाव घ्यायलाही लोक भ्यायचे. रोगी माणूस गावाबाहेर झोपडीत राहायचा अन् त्याचं ताट दुरून सरकवायचे. यांना वर्षभरापासून माहीत होतं. रेस किती दाबली ते पायाला कळत नव्हतं म्हणून हातानं लावायचे. खाट वेगळी केली, पोरीला दूर ठेवलं, ते रोग लागू नये म्हणून. मला सांगितलं तर मी पोरं घेऊन माहेरी जाईन, अशी यांना धास्ती.

मी वर्षभर बाई शोधत होती! मला रडू यायला पाहिजे होतं, पण राग आला. म्हटलं, "लेकराले शिवाले भेले तुमी. अन् त्याच लेकराले मेल्या पायाच्या भरवशावर ट्रॉलीत बसवलं?"

हे खालमानेनं म्हणाले, "ट्रॅक्टर सोडला असता तं लोक पुसले असते, काहून सोडला."

हे मात्र खरं होतं. आमच्या गावात तरण्याताठ्या माणसानं चालता ट्रॅक्टर सोडला तर चार दिवसांत त्याचा मोजा कोणीतरी काढलाच असता. मग पोरांना शाळेत कोणी शेजारी बसवलं नसतं, पोरीचं पुढं लग्न झालं नसतं. मी बराच वेळ विचार केला. संध्याकाळी भासऱ्यांनी अंगणात सगळ्यांदेखत विचारलं, काल झालं तरी काय. मी पदर सावरला अन् सांगून टाकलं की हे पितात, कालही पिऊन होते, आता यांना ट्रॅक्टरवर बसू द्यायचं नाही.

या माणसानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण गावानं एका दमात विश्वास ठेवला. कोणी पुरावाही मागितला नाही. सुन्न पायानं हे जरा अडखळले की लोक एकमेकांकडं बघायचे, सकाळपासूनच लावून आला म्हणायचे. भासऱ्यांनी चावी काढून घेतली अन् नको ते बोलले. यांनी ऐकून घेतलं. सासू मात्र भिंतीला टेकून रडली, की माझ्या पोटी दारुडा निपजला.

औषधाला आम्ही भंडाऱ्याला गेलो नाही. नदीवरचा पूल ओलांडला की भंडारा, तिथं पावलोपावली आमच्या गावचं माणूस. एसटीनं थेट लाखांदूर गाठायचो, माझ्या आत्याकडं जातो सांगून. तिथल्या डॉक्टरनं समजावलं की गोळ्या सुरू झाल्या की रोग दुसऱ्याला लागत नाही, पण पायातली गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. झालंही तसंच. यांचा रोग गेला, पोरगी पुन्हा खांद्यावर बसली, पाय मात्र तसाच राहिला.

सासूला सांगून टाकू, असं मी कितीदा म्हटलं. हे नाही म्हणायचे. दारुडा पोरगा तिला सोसेल, दुसरं सोसणार नाही, असं यांचं म्हणणं. मलाही तिचा भरवसा नव्हता. शेजारणीजवळ बोलून गेली असती.

काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवसांत एकदा तिनं यांना जवळ बोलावलं अन् यांचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, मरायच्या आधी एवढं कर, ती दारू सोड. मी पायथ्याशी बसली होती. मला वाटलं, आता तरी हे खरं बोलतील.

"सोडली, माय," हे म्हणाले.

तिनं समाधानानं डोळे मिटले. मग भासऱ्यांना हाक मारून सांगितलं, की धाकट्यानं अखेर माझं ऐकलं.