पुनवेआधी बुडालेला तांडेल

आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच, तेव्हा पुन्हा लिहिण्याचं धाडस करतोय त्याबद्दल आधी माफी मागतो. मागच्या वेळी लिहिलं, त्यात माझे वडील बुडाले.

पालघरच्या कॉलेजात कथास्पर्धा होती. मराठीचे सर म्हणाले, "स्वतःचं जग लिहा. धोका पत्करा, चुका होऊ द्या." मी सगळंच मनावर घेतलं. दांडी गाव, आमची बोट, ती चालवणारे तांडेल म्हणजे माझे बाबा, सारं खऱ्या नावांनिशी लिहिलं आणि श्रावणातल्या वादळात बोट उलटवली. बाबांना मारताना मी स्वतः रडलो. (वहीवर अजून डाग आहेत.)

कथा घरी वाचून दाखवली. बाबा ओटीवर जाळं सांधत होते. बोट उलटली आणि त्यांचा हात थांबला. मला वाटलं, भरून आलं.

"कंचा दिस होता?" त्यांनी विचारलं.

"कुठला?"

"मी मेलो तो."

"नारळी पुनवेच्या आठ दिवस आधीचा."

"दर्याला नारळ द्यायच्या आधी बोट काढली मी? येडा हाय का?"

"बाबा, कथा आहे ती. मला वादळ हवं होतं."

"मारायचा तर मार. पण नीट मार."

आई त्यांच्याच बाजूने. "तीस वरसांत यांनी असं केलं नाय. लोक काय बोलतील?" नवरा गेला त्याचं काहीच नाही!

आमच्या भिंती कुडाच्या. संध्याकाळपर्यंत कथा गावभर झाली, फक्त ती कथा आहे एवढंच वाटेत गळलं. सकाळी आमचे दोन्ही खलाशी दारात.

"तांडेल, पुनवेआधी निघणार असाल तर आमी दुसरी बोट बघतो."

खलाशी गेले की हंगाम गेला. बाबा तासभर समजावत होते, पोरानं मनानं लिहिलंय म्हणून.

"शिकलेला हाय तो," थोरला खलाशी म्हणाला. "खोटं कशाला लिवल?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "लिव."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: "ज्याला मारलाय तो तांडेल मी. पुनवेआधी मी बोट काढली नाय, काढणार नाय. वारा कुठनं फिरतो ते मना कळतं. लिवणाऱ्याला बोटीत बसला की उलटी होते, त्याचं ऐकू नका."

ते खलाशांपुढे मोठ्याने वाचायला लावलं. (उलटीचं वाक्य दोनदा.) खलाशी राहिले. "आता हे कथेला टाच," बाबा म्हणाले, "नायतर कॉलेज बंद."

माझ्या शोकांतिकेला मयताचाच तक्रारअर्ज! मी दात-ओठ खात टाचला आणि आशा सोडली.

महिन्याने निकाल कळला. पहिला क्रमांक. खाली परीक्षकांचा शेरा: "शेवटच्या पानावर मेलेला तांडेल लेखकालाच जाब विचारतो, हा धोका फार कमी जण पत्करतात. तेवढं पान सोडलं तर कथा सामान्य."

घरी मी फक्त क्रमांक सांगितला.