समेटाची पंगत

बुऱ्हाणपूरपासून समुद्र कुठल्या कुठे! मी तो अजून पाहिलेला नाही, आणि शिकवते मात्र जहाजं. परवा वर्गात सांगत होते, लढाई चालू असताना राजा काही खलाशांना परवाना द्यायचा, शत्रूची जहाजं लुटा म्हणून. लढाई संपली की परवाना रद्द. दुसरं काम येत नाही, हाताला लुटायची सवय. मग तेच लोक चाचे व्हायचे, आणि तोच राजा त्यांना फासावर द्यायचा. एका मुलीने विचारलं, "मॅडम, राजाने त्यांना दुसरं काम का नाही दिलं?"

बाहेर दुपार पेंगत होती. माझ्या डोळ्यांपुढे जहाज आलंच नाही. आला माझा थोरला भाऊ, नाल्याच्या घोट्याइतक्या पाण्यातून चालत.

शाहपूरच्या पुढे माझं माहेर. नाल्याच्या पाण्यावरून वरच्या गावाशी भांडण लागलं होतं. ते पाण्याची पाळी मोडून पंपाच्या मोटारी चालवायचे, आमच्या केळी माना टाकायच्या. पंचांनी दादाला सांगितलं, पाळी मोडेल त्याच्या मोटारीचा स्टार्टर काढून आण, मारुतीच्या ओट्यावर ठेव. दादा नाला ओलांडून केळीतल्या हिरव्या उजेडात दिसेनासा व्हायचा, आणि बऱ्याच वेळाने खांद्यावर स्टार्टर घेऊन उगवायचा. बायका ओवाळायच्या. शेतीत कधी मन न रमलेला माझा दादा त्या दोन उन्हाळ्यांत काय देखणा दिसायचा! अजूनही ते सगळं मी झोपेतच पाहिलं असं वाटतं.

मग समेट झाला. आमच्याकडे रीत अशी, की दोन्ही गावांनी एका पंगतीत जेवायचं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. दादा धुतलेला सदरा घालून आला, तर आमचे सरपंच हळूच म्हणाले, "तू मागून बस रे. त्यांना बरं नाही वाटणार." दादा हसला आणि निघून गेला. मी त्याच पंगतीत होते. उठले नाही. वर आणखी एक बट्टी वाढून घेतली मेलीने!

दादा नाला ओलांडतच राहिला. आधी त्यांचे स्टार्टर, मग आपल्याच गावाचे. ओट्यावर आता कोणी ठेवू देईना, म्हणून विकायला लागला. शेवटी आमच्याच लोकांनी त्याला धरून चौकीत दिलं. मी धावत पोचले, तेव्हा सरपंच ठाणेदाराला सांगत होते, "आम्ही कुठे पाठवलं याला? पहिल्यापासूनच चोर आहे."

मी मध्येच ओरडले, "धडधडीत खोटं बोलता, काका!"

ठाणेदार दादाकडे वळले. "खरं सांग. गावाने पाठवलं होतं, तर तसं लिहितो. केस हलकी होईल."



"नाही साहेब," दादा म्हणाला. "माझं मीच केलं. तिचं ऐकू नका, बहीण आहे ती." त्याने कागदावर सही केली. मग सरपंचांकडे पाहून अगदी सहज विचारलं, "काका, यंदा पाणी पुरलं ना केळीला?"