शिसं चावणारे मामा

शिशाचा तुकडा हातात आला की मामा आधी तो दाढेखाली धरून चावायचे. दाताचा ठसा उमटला की समाधानाने मान हलवायचे. "दाताला कळतंय, साहेब," म्हणायचे. "ह्ये मऊ हाय. चांगलं वतलं जातंय."

आमच्या भोसरीच्या कारखान्यात, टूलरूममधले ते सगळ्यांत जुने फिटर. मूळचे नांदेडकडचे, गोदाकाठचे. मामी गावी शेती बघायच्या आणि मामा इथे भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. मी तिथला सुरक्षा अधिकारी. हेल्मेट, मास्क, हातमोजे यांवरून लोकांच्या मागे लागायचं हे माझं काम. ते मी इतकं मन लावून करायचो, की मी दिसलो की लोक उगाचच टोपी सारखी करायचे.

रविवारी मात्र मासे धरण्यात मी मामांचा शिष्य. तुम्ही आमच्याकडची इंद्रायणी पाहिली असेल तर जलपर्णीही पाहिली असेल. कितीदा तर पाणी दिसतच नाही. मरळ नेमकी तिच्याखाली दबा धरून असते. साधा गळ टाकला तर मासा राहतो बाजूला आणि आपण मुळांचा भारा ओढत बसतो. मामांनी त्यावर तोड काढली होती. गळाच्या मानेवर शिशाची मुंडी ओतायची आणि तिच्यात क्लचच्या केबलची बारीक तार अशी बसवायची, की ती गळाच्या टोकापुढे राखणीला उभी राहील. पानं तारेवरून घसरून जातात. मरळीने जबडा मिटला की तार दबते आणि टोक लागतं. तार किती ताठ हवी हे मामा अंगठ्याने दाबून ठरवायचे. पहिली मोठी मरळ त्यांच्याच गळाला लागली, तर ती त्यांनी माझ्या पिशवीत घातली आणि माझ्या बायकोला फोन करून कालवणात चिंच कधी घालायची ते सांगितलं.

शिसं मी पुरवायचो. माझ्या ओळखीच्या टायरवाल्याकडे चाकांना लावायची जुनी वजनं साठलेली असत. ती मामा खोलीतल्या स्टोव्हवर वितळवायचे, तेही दार-खिडकी लावून, कारण वारा लागला की शिसं साचा भरायच्या आत थिजतं. ओतून झालं की हात पँटला पुसून भाकरी मोडायचे.

शिशाच्या धुराने माणसाचं काय होतं, ते मला माहीत होतं. कंपनीच्या बॅटरीच्या खोलीत तसा फलक मीच लावला होता. मामांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी ओतणं बंद केलं असतं, कारण माझा शब्द ते मोडत नसत. आणि मला गळ हवे होते. आजचे चार होऊ देत, पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत मी तीन वर्षं काढली.

मग मामांचं पोट दुखायला लागलं. पुढे उजवा पंजा मनगटातून लोंबला, तो उचलेचना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर शिसं निघालं. हे धोक्याचं आहे असं कुणी सांगितलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. मी शेजारीच उभा होतो.

मामा म्हणाले, "कंपनीत ह्ये साहेब समद्यांना समजावून सांगत्यात. पर मी घरी काय करायलो, ते ह्यांना काय म्हाईत?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

मामा गावी गेले. एका हाताने फिटरचं काम होत नाही. महिन्याभराने त्यांचा फोन आला. पेला धरता येतोय म्हणाले. मग म्हणाले, "साहेब, तुमी बी रक्त तपासून घ्या. माझ्या खोलीत तुमी बी बसत व्हता. मला सारखा घोर लागलाय."

घेतो म्हणालो. माझं रक्त मी ती तीनही वर्षं दर सहा महिन्यांनी गुपचूप तपासून घेत आलो होतो.