अमावास्येला रुसणारा प्रिंटर

लेबलं आणि बारकोड छापणारे प्रिंटर दुरुस्त करणारा कोल्हापुरात मी एकटाच आहे असं मी म्हणणार नाही. बाकीचेही आहेत. पण फोन केला की ते “उद्या बघतो” म्हणतात आणि मी “आलोच” म्हणतो. या एका शब्दावर माझा धंदा उभा आहे. “आलोच” म्हणताना मी नेमका कुठं असतो, याची चौकशी कुणी करू नये.

माझं काम समजावून सांगताना मी दुभाष्याचं उदाहरण देतो. संगणक एक भाषा बोलतो, प्रिंटर दुसरी, आणि दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडं सांगणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषा चुकीचा बसला की प्रिंटर ताप चढल्यासारखा बरळायला लागतो. नेसरीला एका खताच्या दुकानात असंच झालं होतं. लेबलावर नुसत्या रेघोट्या, वेटोळी आणि उलट्या टोप्या. मालक म्हणाले, “कानडी असंल. बॉर्डर जवळच हाय की.” त्यांनी बाजाराला आलेल्या एका कानडी शेतकऱ्याला धरून आणलं. त्यानं चष्मा लावून ते लेबल दोन्ही बाजूंनी वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, “आमचं न्हवं. पण पोरगीच्या पत्रिकेत बामणानं असलंच काढलंत.” हातकणंगल्याला एका शर्टांच्या कारखान्यात प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. मी पोचेपर्यंत लेबलांची पट्टी गेटातून बाहेर पडून स्टेशनच्या रस्त्याला लागली होती. त्या पट्टीच्या मागं मागंच मी कारखाना शोधला. पत्ता विचारावा लागला नाही.

पण हे सगळे प्रिंटर एका बाजूला आणि अक्कांचा प्रिंटर एका बाजूला.

अक्का म्हणजे मलकापूरच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये कांदा-लसूण मसाला करणाऱ्या बाई. वयानं थोर असलेली माणसंसुद्धा त्यांना अक्काच म्हणतात. घरच्या परड्यात एका चुलीवर सुरू केलेला मसाला त्यांनी कांडप यंत्र, पाकिटं बंद करायचं मशीन, संगणक आणि लेबलाचा प्रिंटर इथपर्यंत आणला. त्या शेडवरून उडणारा कावळासुद्धा शिंकल्याशिवाय पुढं जात नाही. मी तर गाडी स्टँडला लावतानाच शिंकायला सुरुवात करतो, म्हणजे आत गेल्यावर बोलायला मोकळा.

मसाला अक्कांचा, पण त्याची चव त्यांच्या सासूबाईंच्या हातातली. त्यांना शेडमधल्या सगळ्या बायका आत्ती म्हणतात, म्हणून मीही आत्तीच म्हणतो. मिरची किती भाजायची, खोबरं कधी काढायचं, हे त्या नुसत्या वासावर सांगतात, तेही आतल्या खोलीतून, चुलीकडं पाठ करून बसलेल्या असताना. आवाज असा की कांडप यंत्र सुरू असलं तरी यंत्राचंच ऐकू येत नाही.

तर हा प्रिंटर अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी बंद पडायचा. ही थाप नाही. बाकीच्या गोष्टींत मी थोडं मीठ-मसाला टाकतो, इथं टाकायला जागाच नाही. महिनाभर घोड्यासारखा पळणारा प्रिंटर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आडवा. माझ्या आधी दोघे येऊन ड्रायव्हर नव्यानं टाकून गेले होते. मग मीही जाऊन टाकला. महिनाभर चालला, पुन्हा अमावास्या, पुन्हा आडवा. परत टाकला. शेडमधल्या बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी प्रिंटरला लिंबू-मिरची बांधली. मसाल्याच्या कारखान्यात मिरचीला काय तोटा!

त्या महिन्यातही अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

“भावा, मेला परत.”

“कोण?”

“प्रिंटर की! आनि कोन मरतंय हितं? कुठं हायस?”

“आलोच,” मी म्हणालो आणि फोन कानाला धरूनच अंघोळीला गेलो.

पण अक्कांनी पुढं जे सांगितलं, त्यानं मी अंघोळ अर्धी सोडून निघालो. पुण्याच्या एका मोठ्या दुकानवाल्यांनी पहिल्यांदाच त्यांचा माल मागवला होता. जिल्ह्याबाहेर जाणारा अक्कांचा हा पहिला माल. अट एकच होती. पाकीटन् पाकीट बारकोडाचं पाहिजे आणि तो बारकोड त्यांच्या मशीननं वाचला पाहिजे. नाही वाचला तर अख्खी गाडी परत, आणि पुन्हा अक्कांचं नाव काढायचं नाही. टेम्पो दुपारी येणार होता आणि दिवस मावळायच्या आत निघणार होता.

मी पोचलो तेव्हा शेडमध्ये लाल पाकिटांचा असा डोंगर होता की पलीकडं बसलेल्या बायका दिसत नव्हत्या, नुसत्या बांगड्या वाजत होत्या. सगळ्या लेबलं लावायला हात धुऊन बसलेल्या आणि लेबलंच नाहीत. अक्का छापलेल्या लेबलांची पट्टी हातात धरून उभ्या होत्या.

“बघ,” त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. मसाल्याचं नाव एका लेबलावर, बारकोडाचं डोकं दुसऱ्यावर, पाय तिसऱ्यावर. मध्ये चार कोरी लेबलं, नैवेद्याला सोडल्यासारखी.

प्रिंटरच्या शेजारी खुर्ची टाकून आत्ती बसल्या होत्या, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशा. प्रिंटरवर हळद-कुंकू, झाकणावर तांदळाचे दाणे. बघताक्षणी मला वाटलं, सापडलं! या प्रिंटरच्या पोटात एक बारीक डोळा असतो. एक लेबल कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, हे तो बघतो. त्यात कुंकू गेलं असणार.

“आत्ती, डोळ्यात कुंकू गेलंय ह्येच्या,” मी छाती फुगवून म्हणालो.

“कुनाच्या?”

“प्रिंटरच्या.”

“माज्या हातनं? आरं, सात पोरांची लग्नं लावल्यात मी. कपाळ कुठलं आनि डोळा कुठला, ह्ये मला कळत न्हाय व्हय? उघड आनि बघ!”

उघडलं. डोळा आरशासारखा स्वच्छ. माझ्या बुलेटचा आरसाही कधी एवढा स्वच्छ नसतो. पाकिटांच्या डोंगरापलीकडून हसू आलं. मी मुकाट्यानं संगणकापुढं बसलो.

मग मी एक गोष्ट केली, जी आधीच्या फेऱ्यांत घाईत केली नव्हती. ड्रायव्हर टाकायच्या आधी प्रिंटरांची यादी उघडली. शेडमध्ये प्रिंटर एकच. यादीत मात्र लग्नाची पंगत बसलेली! तेच नाव, पुढं कॉपी एक, कॉपी दोन, कॉपी तीन... खालपर्यंत. त्यातला एकच जागा, बाकी सगळे अंधुक होऊन झोपलेले. मी वायरीचं दुसरं टोक बघायला टेबलाखाली शिरलो आणि तिथूनच विचारलं,

“आत्ती, काल अमुशाला काय काय केलंत?”

“दर अमुशाला करतो त्येच की. सगळ्या यंत्रांच्या वायरी काढायच्या. करंट भरल्या वायरीत पूजा करत न्हाईत. पुसायचं, हळदी-कुंकू, नारळ फोडायचा. मग वायरी परत घालायच्या. ह्या हातानं घालतीया, दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाय.”

“आनि ही प्रिंटरची वायर? संगणकाला चार भोकं हायत. कुठल्या घातली?”

“जे रिकामं दिसंल त्येच्यात. चारी सारखीच हायत की.”

टेबलाखाली मला सगळं दिसलं. भोकं दिसायला सारखी. संगणकाच्या लेखी मात्र सारखी नाहीत. प्रिंटर दुसऱ्या भोकात गेला की संगणकाला वाटतं, हा नवा पाहुणा. तो नव्या नावानं नवा ड्रायव्हर बसवतो. नव्या ड्रायव्हरला लेबलाचं माप माहीत नसतं, तो आपला पार्सलाच्या मोठ्या लेबलाचं माप धरून बसतो. म्हणून डोकं एकीकडं आणि पाय तिसरीकडं. अमावास्येनं काही केलं नव्हतं. आत्तींनी दर महिन्याला, मनापासून, भक्तीनं, वायर दुसऱ्या भोकात घातली होती.

आता हे सांगायचं कसं? समोर सगळ्या बायका बसलेल्या, सून उभी, दारात टेम्पो यायची वेळ. मी टेबलाखालून बाहेर आलो आणि सवयीप्रमाणं थाप मारली. म्हणालो, “कंपनीचीच चूक हाय. ह्या मॉडेलात ह्यो दोष पहिल्यापास्नं...”

“खोटं बोलू नगंस,” आत्ती म्हणाल्या. “थाप मारताना तुझा डावा कान हालतोय. माज्या हातानं झालंय न्हवं? सरळ सांग की.”

कान हलतो हे मला आजवर माझ्या बायकोनंही सांगितलं नव्हतं. मग मी सरळ सांगितलं. आत्तींनी पदर सावरला, थोडा विचार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“म्हंजे म्हस तीच. मी निसतं दावं बदललं. आनि ह्येला वाटलं नवी म्हस आली. म्हनून ह्यो परत पहिल्यापास्नं वळख काढत बसतोय!”

मी इतकी वर्षं दुकानादुकानांत हेच समजावत आलो, फळ्यावर चित्रं काढली, हातवारे केले. इतकं स्वच्छ मला एकदाही सांगता आलं नव्हतं. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी पुढं केली. बायकांकडं वळून म्हणाल्या, “ऐकलं न्हवं? अमुशाचा काय संबंध न्हाय. माजी चूक झाली. ती लिंबू-मिरची सोडा, आनि उद्यापास्नं कुनी करणी-बिरणी म्हनलं तर मिरच्या नाकात घालीन.” भरल्या शेडमध्ये, सुनेच्या पुढ्यात, इतक्या मोठ्या आवाजात चूक कबूल करणारी सासू मी जिल्ह्यात दुसरी बघितलेली नाही. जिल्हा मी सगळा फिरलोय.

आता अक्का पेटणार, असं मला वाटलं. पेटल्या नाहीत. म्हणाल्या, “आत्ती, अमुशाची पूजा बंद करायची न्हाय हं. तुमी नारळ फोडल्याबिगर मी कांडपाचं बटन दाबत न्हाय. तेवढं भोक नीट बघा.” आणि माझ्याकडं वळून, “तू काय बघाय लागलाईस? हात चालव की!”

हात चालवला. झोपलेले सगळे प्रिंटर यादीतून काढले, ड्रायव्हर काढला आणि नव्यानं एकदाच बसवला. मोजपट्टीनं लेबल मोजून माप घातलं, दोन लेबलांमधली फट घातली, प्रिंटरला तिची ओळख करून दिली. एवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. टेम्पोवाले मामा आले होते, आणि त्यांना पुढं अजून एका ठिकाणचा माल भरायचा होता.

“पावणं, किती येळ?” ते दारातून ओरडले.

“आलोच,” मी म्हणालो.

“आलोच न्हवं, मी निगालोच!”

इथं आत्ती उठल्या. मामांचा दंड धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं. “उपाशी मानसानं माज्या दारातनं गाडी हालवायची न्हाय.” आधी भाकरी आली, मग पिठलं, मग झुणका, मग ताज्या मसाल्याचा रस्सा, मग “ह्यो तर बघ” म्हणून ठेचा. मामांनी घड्याळाकडं बघितलं की ताटात काहीतरी पडायचं. शेवटी त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि घड्याळ दिसायचंच बंद झालं. मसाल्यानं टेम्पो अडवून धरलेला मी तिथंच बघितला.

पहिलं लेबल बाहेर आलं. नाव, वजन, बारकोड, सगळं एका जागी. अक्कांनी हातातलं बारकोड वाचायचं यंत्र त्यावर धरलं. टुक! त्या आवाजाला शेडमध्ये टाळी पडली. मग लेबलांची पट्टी सुरू झाली आणि बायकांचे हात असे चालले की लेबल आधी चिकटतंय की आधी छापलं जातंय, हे मला कळेना. एक बाई दर दहा पाकिटांनी यंत्र धरत होती. टुक, टुक, टुक. लाल डोंगर वितळून खोक्यांत गेला, खोकी टेम्पोत गेली. मामा उठले तेव्हा ऊन पत्र्यावरून उतरलं होतं, पण दिवस शिल्लक होता.

टेम्पो गेल्यावर आत्तींनी कुंकवाचा करंडा मागवला. संगणकाच्या एका भोकाशेजारी एक ठिपका, वायरीच्या टोकाला एक ठिपका. “आता कपाळाला कपाळ लावायचं. दुसऱ्या भोकात जाऊन दाखव म्हनावं!” मी तिथंच मनात करंड्याला नमस्कार केला. आता माझ्याही पिशवीत करंडा असतो. हातकणंगल्यापासून नेसरीपर्यंत जिथं जातो तिथं दोन ठिपके लावून येतो. लोक विचारतात, ही नवी पद्धत कुठली? मी सांगतो, परदेशातली. कान मात्र टोपीत झाकून घेतो.

पुण्याहून गाडी परत आली नाही. दुसरी मागणी आली.

पुढच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून फोन खिशातून काढून बघत होतो. वाजेना. दुपारी राहवलं नाही, मीच लावला. उचलला आत्तींनी.

“आत्ती, पूजा झाली न्हवं? प्रिंटर?”

“पळतोय की घोड्यागत. का रं?”

“न्हाय, सहज.”

“सहज काय? काम न्हाय व्हय तुला? मग ये हिकडं, रस्सा केलाय.”

“आलोच,” मी म्हणालो. त्या वेळी मी त्यांच्याच दारात, गाडी स्टँडला लावून, शिंकत उभा होतो.