पांढरे उंदीर

आमच्या गणपतीचा रंग वाळेपर्यंत जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात बसून राहावं लागलं, तेव्हा तिथल्या मूर्तिकाराने बुद्धिबळाचा पट मांडला. त्याची पांढरी प्यादी हरवली होती. त्यांच्या जागी त्याने गणपतींच्या पायाशी बसवायचे, अजून न रंगवलेले पांढरे उंदीर ओळीने उभे केले.

पहिली चाल त्याची. त्याने एक उंदीर एकच घर सरकवला, त्याच्या शेपटीवरची धूळ फुंकली आणि चहा मागवला. मग दुसरा उंदीर, तोही एकच घर. चहा संपला तरी त्याचं सैन्य आपल्याच अंगणात उभं!

"अहो, लढाई कधी करणार?" मी वैतागलो.

"करू की. घाई नाय."

शेवटी मीच चिडून माझ्या वजिराने एक उंदीर मारला. त्याने कपाळावर हात मारला.

"मारलात? आता याच्या गणपतीनं चालत जायचं काय?"

कोपऱ्यातला एक गणपती खरंच माझ्याकडे बघत होता. मी ओशाळून उंदीर जागेवर ठेवला आणि वजीर गडबडीत शेजारच्या घरात सरकवला.

लगेच त्याच उंदराने तिरकं जाऊन माझा वजीर खाल्ला.

माझा वजीर कुणाचंच वाहन नव्हता, त्यामुळे कुणालाच वाईट वाटलं नाही.