फेसावरचा आखूड अंगठा

झाशीत खंडेराव गेटच्या आत आमची एक खोली होती. आबा म्हणजे माझे आजोबा, अण्णा म्हणजे वडील, आई, दोन बहिणी आणि मी — सगळे त्याच खोलीत. आम्ही न्हावी. हे सांगायला मला तेव्हाही लाज वाटली नाही, आता तर मुळीच नाही. मराठी फौजा बुंदेलखंडात आल्या तेव्हा त्यांच्या दाढ्या करायला कुणीतरी बरोबर आलंच असेल ना? ते आमचे पूर्वज. आबा-अण्णांची दोघांत मिळून एकच खुर्ची, गेटजवळच्या भिंतीला लावलेली, वर ताडपत्री. थंडीत पाणी तापवायला रॉकेल नसलं की गिऱ्हाईक उठून जायचं, आणि त्या दिवशी आई डाळीत पाणी वाढवायची.

मी वाचायला शिकलो ते वस्तरा पुसायच्या कागदांवर. अण्णा रद्दीचे चौकोनी तुकडे कापून ठेवत. त्यांना फेस लागायच्या आत मी ते वाचून टाकायचो. बातमी नेहमी अर्धीच असायची... उरलेली अर्धी काय असेल या खाजेपायी शिकलो म्हणा. बी.एस्सी., मग बी.एड. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. आज इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, झाशीतल्याच नगरा भागात स्वतःचं घर आहे.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल, माणूस अडाणी दिसतो. मोहल्ल्यात कुणाला 'हवा लगी', म्हणजे बाहेरची बाधा झाली, की लोक मला बोलावतात, कारण मी मंत्रवाल्याकडे न नेता सरळ डॉक्टरकडे नेतो. तरीही जे झालं ते झालं. (माझ्या मराठीत हिंदी येईल. झाशीचं मराठी असंच असतं, सांभाळून घ्या.)

आता वस्तऱ्याबद्दल.

आबांचा वस्तरा होता, काळ्या शिंगाच्या मुठीचा, घडी होणारा. तो राहायचा धोकटीत, म्हणजे न्हाव्याच्या चामडी पिशवीत. दहा वर्षांचा असताना मी त्याने पेन्सिलीला टोक केलं. अण्णांनी आयुष्यात एकदाच मला मारलं, ते तेव्हा. "हा पुन्हा उचललास तर त्या दिवशी शाळा सुटली समज," म्हणाले. धारेसाठी नव्हते चिडले ते. मी तो हातात धरला म्हणून चिडले होते. तेव्हापासून न्हाव्याचा पोरगा असून मी वस्तऱ्याला हात लावला नाही. मिशी फुटल्यापासून प्लॅस्टिकचं रेझर.

आबांची एक खूण सांगायची राहिली. लहानपणी चारा कापायच्या गंडाशात त्यांच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं होतं. नख नाही, नुसतं गोल, रुंद टोक. घरात आबांचं नाव न घेता त्यांच्याबद्दल बोलायचं असलं की आम्ही डावा अंगठा दुमडून दाखवायचो. आई हसायची, आबा पण हसायचे. मी आठवीत असताना ते गेले.

मागच्या दिवाळीनंतर अण्णांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली, उजवा गाल लोंबायला लागला. डोकं मात्र साफ होतं. सगळं कळत होतं, आणि तेच वाईट होतं. पाय चालण्याजोगा होता. व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा रोज सांगायचा, "बाबूजी, घर में नहीं, बाहर चलिए. नहीं चलेंगे तो ये पैर भी जाएगा." अण्णा गालावरून डावा हात फिरवायचे आणि मान हलवायचे. नाही. दाढी वाढलेल्या तोंडाने ते गल्लीत जाणार नव्हते. चाळीस वर्षं लोकांचे चेहरे साफ केलेला माणूस! कुणी भेटायला आलं की टॉवेल तोंडावर ओढून घेत.

ट्रिमर आणला. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की मी तो परत डब्यात ठेवला. सदर बाजारात कल्लू भैयाचं सलून आहे, एकेकाळी तो अण्णांच्या हाताखाली शिकला. तो स्वतः घरी आला. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. मग डाव्या हाताने फळीवरच्या धोकटीकडे बोट दाखवलं, आणि नंतर माझ्याकडे.

कल्पना, माझी बायको, दारात उभी होती. म्हणाली, "अहो, तुम्हाला येतं का ते?"

"नाही."

"मग?"

"मग शिकायचं. एम.एस्सी.चा फॉर्म भरायचाय का त्याला?"

कल्लू भैयाने शिकवायला सुरुवात केली फुग्यापासून. फुग्यावर फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्याने उतरवायचा. पहिल्या संध्याकाळी मी अकरा फुगे फोडले. शेजारच्या गुप्ताजींनी भिंतीवरून विचारलं, "मास्साब, किसका बड्डे है? हमें बुलाया भी नहीं!"

आठ दिवसांनी फुगे टिकायला लागले. मला वाटलं, आलं. आणि घाईच केली. अण्णांना खुर्चीत बसवून फेस लावला. पण त्यांची मान उजवीकडे ढळायची. उशी लावून, भिंतीला टेकवून पाहिलं, तरी ढळायचीच. म्हणून माझा डावा हात त्यांच्या डोक्यामागे गेला. उजव्या हातात वस्तरा. लोंबत्या गालावर पातं ठेवलं आणि कातडी त्याच्यापुढे ओल्या फडक्यासारखी गोळा झाली. ओठाच्या कडेला रक्त आलं. अण्णा हलले नाहीत. फक्त त्यांनी मान वळवून, डोक्यामागच्या माझ्या डाव्या हाताकडे बघायचा प्रयत्न केला. मग मला बाजूला सारलं आणि टॉवेल ओढून घेतला.

कल्पना म्हणाली, "मी धरते ना डोकं." अण्णांनी डोळे मिटून घेतले. सुनेने डोकं धरून दाढी करायची, हे त्यांना चालणार नव्हतं.

कल्लू भैयाला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्साब, आप दाएँ हाथ को देख रए हो. उस्तरा तो कोई भी पकड़ ले. बाएँ को देखो! खाल तानो, खाल! आपके बब्बा का आधा अँगूठा था, पर क्या खाल तानते थे..."

मग मी स्वतःच्या गालावर शिकायला बसलो. रोज सकाळी सातला, परसात नळाच्या वर टांगलेल्या आरशासमोर. तीन आठवडे. तुरटीचा खडा झिजून अर्धा झाला. वर्गात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बिल्ली पाली है क्या?" मी म्हटलं, "हाँ, और वो आज टेस्ट लेगी." 

चौथ्या आठवड्यातल्या एका सकाळची गोष्ट. चांगलं ऊन होतं. उजव्या गालाला फेस लावला होता, वस्तरा कानाजवळ नेला होता, आणि डाव्या हाताने मी नळ बंद करत होतो. नळाची चावी अजून बोटांत होती. तेवढ्यात कानशिलाजवळची कातडी वर ओढली गेली. घट्ट. गार, ओल्या बोटाने ओढतात तशी. वस्तरा आपोआप खाली उतरला — सर्रकन, एका दमात, एवढा गुळगुळीत की मला पात्याचा स्पर्शही कळला नाही.

आरशात बघितलं. कानशिलावर थोडा फेस उरला होता आणि त्यात एक ठसा होता. रुंद, आखूड, टोकाला गोल. मी माझा अंगठा त्याच्या शेजारी नेला. माझा निमुळता आहे, नख पुढे येतं. आत जाऊन मोबाईल आणला, फोटो काढला. तोवर फेस बसला होता. फोटोत काही दिसत नाही, कुणी मागू नका.

कल्पनाला सांगितलं. ती म्हणाली, "आज रात्री मुलांच्या कॉप्या तपासत बसू नका, झोपा." मलाही पटलं. स्नायू आखडतात, मनाला भास होतात, वगैरे. अण्णांना मी काही सांगितलं नाही. घाबरतील म्हणून नव्हे... मास्तर असून असलं काय सांगायचं म्हणून.

रविवार आला. सकाळी नऊला अण्णांना परसात बसवलं. कल्पना आत स्वयंपाकात. परसात आम्ही दोघेच. गरम टॉवेल, फेस, पट्ट्यावर वस्तरा परजला — कल्लू भैयाने सांगितलं तसं, आधी पाठ, मागून धार. डावा गाल छान झाला. आता माझा डावा हात बऱ्यापैकी शिकला होता, मान स्थिर असेल तर. मग उजव्या बाजूला आलो आणि मान ढळली. हात पुन्हा डोक्यामागे गेला. समोर तोच लोंबता गाल, तीच घडी.

मी थांबलो. खरं सांगतो, वस्तरा मिटणार होतो. आज रक्त आलं असतं तर अण्णांनी मला पुन्हा बसू दिलं नसतं, आणि मग ते कधीच बाहेर पडले नसते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आणि गालाची घडी उलगडली.

हळूहळू नाही. कुणी चादर ओढून सरळ करावी तशी. कानशिलावरचा फेस एका जागी दबला, माझ्या डोळ्यांसमोर. माझा उजवा हात वस्तऱ्यावर होता, डावा अण्णांच्या डोक्याखाली, त्यांच्या केसांची टोकं मला तळव्याला टोचत होती. अण्णांचा उजवा हात मांडीवर निर्जीव, डावा खुर्चीच्या हातावर. चारही हातांचा हिशोब लागत होता. गाल कुणी धरला होता?

मी वस्तरा ओढला. सुलटा हात, मग उलटा. कातडी जिथे पाहिजे तिथे ताणलेली मिळत गेली — कानाखाली, जबड्यावर, शेवटी हनुवटीखाली. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्याच्या वर बघत होते. आणि न सांगता त्यांनी खालचा ओठ आत घेतला, जसं हुशार गिऱ्हाईक घेतं, ओठाखाली वस्तरा यायच्या वेळी.

तोंड पुसल्यावर त्यांनी डाव्या हाताची पाठ जबड्यावरून फिरवली. गिऱ्हाईकाचा गाल असाच तपासायचे. मग कानशिलाला हात लावला. आणि मला दाखवून डावा अंगठा दुमडला.

मी विचारलं, "काय म्हणता, अण्णा?"

त्यांनी पुन्हा अंगठा दुमडला, पुन्हा कानशिलाला लावला. मग भुवया वर केल्या. तुला नाही कळलं?

मी आत गेलो. "तू अण्णांना काही सांगितलंस का?"

कल्पनाच्या हातावर कणीक होती. म्हणाली, "देवाशप्पथ नाही. का?"

डॉक्टरांना गालाचं विचारलं, अंगठ्याचं नाही. ते म्हणाले, कधी कधी स्नायूंत जोर परत येतो. येत असेल. मग दुसऱ्या दिवशी तो गाल पुन्हा का लोंबला, हे त्यांनी सांगितलं नाही. फिजिक्स मला एवढंच सांगतं की ताण हवा असेल तर ओढणारं काहीतरी लागतं. ते काय होतं, हे मला माहीत नाही. पुन्हा कधी घडलंही नाही. अण्णांची मान आता सावरते, माझा डावा हात मोकळा असतो, आणि कातडी मीच ताणतो.

त्या दिवशी मी वस्तरा पुसून धोकटीत ठेवायला निघालो तेव्हा अण्णांनी तो माझ्याकडून घेतला. एका हाताने, वेळ लावून, मिटला. आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला.

मग त्यांनी काठी मागितली. गल्लीच्या तोंडापर्यंत चालले, गुप्ताजींना हात केला, तिथून आम्ही ऑटो केली आणि खंडेराव गेटला गेलो. त्यांच्या जुन्या जागेजवळ, चहाच्या टपरीच्या बाकावर ते तासभर बसले. टॉवेल घरीच राहिला होता.

त्या रविवारी मी माझ्या वडिलांची पूर्ण दाढी आबांच्या वस्तऱ्याने केली. एक थेंबही रक्त आलं नाही.